चातीचा टेपर: छोट्या लेथवरच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी सकाळी गल्लीतल्या अक्का दारात. हातात चरख्याची चाती (कांडी जिच्यावर फिरते तो गज), पुढचं टोक वाकलेलं. नातवानं चरख्यावरून उडी मारली म्हणे. "तुमचं ते बारकं मशीन हाय न्हवं, त्याच्यावर हे सरळ होतंय का बघा की."

आमची गल्ली सोलापुरात, अशोक चौकाच्या मागं. पूर्वी घरटी माग होता. आता दिवसभर पॉवरलूमचा खडखडाट, आणि हातमाग अक्कांचा धरून दोन. त्यांचे मालक वॉल हँगिंग विणतात, अक्का कांड्या (सूत गुंडाळायच्या लाकडी नळ्या) भरतात. चरख्याला त्या राटनम म्हणतात.

वाकलेली चाती ठोकून सरळ केली तरी डगमगणारच. नवीन करू म्हटलं. लेथ, म्हणजे कातायचं मशीन, घेऊन दीड वर्ष झालं, आजवर त्यावर नुसते बुश आणि नॉब केलेत. लेथ म्हणजे जिन्याखाली मावणारं १८० बाय ३०० चं खेळणं: बेडवरून (खालच्या रुळांवरून) १८० मिलिमीटर व्यासाचा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, फिरतो, आणि दोन सेंटरमध्ये, म्हणजे टोकं धरणाऱ्या दोन अणींमध्ये, ३०० लांबीचा बसतो.

चातीची मापं: ८ मिलिमीटरचा गज, लांबी २३०. मागच्या बाजूला दोरीची पुली. पुढच्या ९० मिलिमीटरमध्ये ८ वरून साधारण ५ पर्यंत उतार. लाकडी कांडी या उतारावर दाबून बसवायची, अर्धा फेरा पिळायचा की पक्की. कांडी भरली की उलटा पीळ देऊन ओढून काढायची. खिळा नाही, चावी नाही, सगळं काम उतार करतो. तीनाला नव्वद, म्हणजे तीस मिलिमीटरला एक: १:३०. बाजूनं मोजलं तर अर्धा कोन एक अंशाला थोडा कमी, ०.९५५. एवढा बारीक उतार, म्हणजे टेपर, घर्षणावरच धरून राहतो.

८ जानेवारी, बुधवार

कामावरून आल्यावर तासभर. पितळेच्या तुकड्यावर तालीम. कंपाउंड स्लाईड, म्हणजे टूल धरणारी, कोनात फिरवता येणारी वरची स्लाईड, एक अंशावर फिरवली (खालचे दोन स्क्रू स्लाईड पार मागं ओढल्याशिवाय दिसतच नाहीत, हे डिझाईन ज्यानं केलं त्याला एकदा भेटायचंय) आणि १५ मिलिमीटर लांबीचा टेपर काढला. छान दिसला. व्हर्नियर लावला तर तोही होकार देत होता.

मग त्याच सेटिंगवर ५० मिलिमीटर काढला आणि पितळ उघडं पडलं, अक्षरशः. खालच्या अंगाला बरंच जाड. गणित मांडून बघितलं. कोनात दहाव्या भागाइतकी, ०.१ अंशाची चूक असली तर १० मिलिमीटर लांबीत व्यासाला ०.०३५ चा फरक पडतो. तो व्हर्नियरच्या चुकीत जिरतो. ५० मिलिमीटरला तोच फरक ०.१७५ होतो, ९० ला ०.३ च्या पुढं. कंपाउंडवर रेघा एकेका अंशाच्या, रेघ स्वतःच दोन केसांएवढी जाड. त्या रेघांवर टेपर लावणं म्हणजे सातरस्त्याच्या घड्याळावर रेल्वे पकडणं.

छोटा टेपर खोटं बोलतो. लांब काढल्याशिवाय पकडला जात नाही.

१२ जानेवारी, रविवार

मामा आले. मामा एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. गिरणी बंद पडली, पण मामांच्या खिशातली सहा इंची पट्टी काही गेली नाही.

"काय करायलास बे? रेघा कशाला बघायलास? डायल लाव."

रीत अशी. चकमध्ये सरळ गज पकडायचा. डायल गेज (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं साधन) टूल पोस्टवर, त्याचं टोक गजाला आडवं आणि बरोबर मध्याच्या उंचीवर टेकवायचं. मग कंपाउंडचं हँडल फिरवून स्लाईड मोजून ५० मिलिमीटर न्यायची. १:३० ला अर्धा उतार १/६०, म्हणजे डायलचा काटा ०.८३ हलला पाहिजे. जास्त हलला तर कोन जास्त. लाकडी ठोकळ्यानं हलकं ठोकत जायचं, परत बघायचं. ०.८३ आलं की स्क्रू आवळायचे. आवळले की ०.७९. परत सैल, परत ठोका. चौथ्या वेळेला मुद्दाम ०.८६ वर ठेवून आवळले तेव्हा ०.८३ वर येऊन बसलं. पाऊण तास गेला. मामांनी तेवढ्यात दोन चहा संपवले.

तयार टेपरची नक्कल करायची असेल तर हिशोबच नको: तो टेपर सेंटरमध्ये धरायचा आणि कंपाउंड सरकवताना काटा जागचा हलेनासा होईपर्यंत ठोकायचं. माझ्याकडं ड्रिल चकचा एम टी २ (मोर्स टेपर नंबर २) शँक आहे, त्यावर करून बघितलं, फार लवकर जमतं. हे मोर्स टेपर म्हणजेही एक तऱ्हाच. साधारण वीसाला एक म्हणतात, पण एम टी १ आहे १:२०.०४७, एम टी २ आहे १:२०.०२० आणि एम टी ३ आहे १:१९.९२२. प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं. स्टीफन मोर्सनं पिळाच्या ड्रिलचं पेटंट १८६३ मध्ये घेतलं. त्याच्या नावाचा कारखाना अमेरिकेत न्यू बेडफर्डला वाढला, आणि ते गावही पुढं कापडगिरण्यांसाठीच ओळखलं गेलं. मामांना सांगितलं. "मग तिथल्याबी बंद पडल्या असतील," एवढंच म्हणाले. पडल्याच आहेत.

टूलची उंची. याबद्दल वाचलं होतं, पटलं आज. टूल मध्याच्या अर्धा मिलिमीटर खाली होतं. सरळ टर्निंगला काही बिघडत नाही, माप क्रॉस स्लाईडवर (टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या) सांभाळून घेता येतं. टेपरला मात्र व्यास जसजसा लहान होतो तसतशी चूक वाढते: ८ च्या टोकाला माप जुळवलं तर ५ चं टोक ०.०४ जाड राहतं, आणि मधली रेघ सरळ न येता किंचित वाकते. तपासायला मामांची पट्टी पुरली. टूलचं टोक आणि गोल गज यांच्यामध्ये पट्टी हलकी दाबून धरायची. उभी राहिली तर टूल मध्यावर. वरचं टोक आपल्याकडं झुकलं तर टूल खाली, पलीकडं झुकलं तर वर. कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याचे पाच तुकडे खाली घातले, पट्टी ताठ उभी राहिली.

१४ जानेवारी, मंगळवार

काम नाही. काल भोगीला सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा बघून आलो, नंदीध्वजांच्या मागं चालून पाय दुखायलेत. आज गड्ड्यावर, यात्रेच्या जत्रेत, पोरांना पाळण्यात बसवलं. मी खाली उभा राहून पाळण्याच्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग बघत होतो, बायको माझ्याकडं बघत होती.

१९ जानेवारी, रविवार

मोजायचं साधन केलं. ३ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या, एकीला ६ चं होल, दुसरीला ७.५ चं. सरळ ड्रिल घातलं तर होल मोठं पडतं, म्हणून आधी ०.२ नं लहान मारून मग शेवटचं ड्रिल. टेपरवर पट्टी सरकवायची, जिथं अडेल तिथं टोकापासून अंतर मोजायचं. १:३० असेल तर दोन्ही पट्ट्यांच्या जागांमध्ये ४५ मिलिमीटर पडले पाहिजेत, १.५ गुणिले ३०. जुन्या चातीवर, वाकलेला भाग चुकवत, ४५.५ आले. ज्यानं कुणी ती केली त्याच्याकडं बहुतेक कानसच असेल. हात बघा.

अडचण: माझ्या कंपाउंडची चाल ५५ मिलिमीटर, टेपर हवा ९० चा. दोन टप्प्यांत काढून बघितला. आधी पुढचे ५०, मग सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) सरकवून मागचे ४०. सांध्यावर पायरी आलीच. हाताला लागत नाही, नखाला लागते. सूत तिथं अडणार.

मामांना फोन. "टेलस्टॉक सरकव. कंपाउंडचं काम न्हाई ते."

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, मग लेथ.

टेलस्टॉक, म्हणजे चकच्या समोरून जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग, आपल्या बाजूला सरकवला की जॉब तिरका धरला जातो. टूल मात्र बेडला समांतरच चालतं, आणि टेलस्टॉककडचं टोक बारीक होत जातं. चाल पूर्ण बेडची, त्यामुळे ९० काय, २०० पण निघेल. या लेथवर सरकवण्याचा बोल्ट टेलस्टॉकच्या पोटात आहे. म्हणजे टेलस्टॉक बेडवरून काढा, उलटा करा, सैल करा, परत बसवा, अंदाजानं सरकवा, डायल बघा, परत काढा. सकाळ त्यातच गेली.

आणि एवढं करून चूक केली. किती सरकवायचं? मी टेपरची लांबी धरली: ९० भागिले ६०, दीड मिलिमीटर. चार कट मारले, पट्ट्या लावल्या, तर उतार १:८०. अर्धा तास टूल, डायल, होलं सगळ्यांवर संशय घेतला. मग कागद घेतला. तिरका होतो तो अख्खा जॉब, टेपरचा भाग एकटा नाही. म्हणून लांबी धरायची दोन सेंटरमधली, पूर्ण. माझा तुकडा २४० चा (२३० ची चाती आणि टोकाला १० चं शेपूट, ते शेवटी कापायचं). २४० भागिले ६०, बरोबर ४ मिलिमीटर. इतका सुटसुटीत आकडा आला की आधी खरा वाटेना.

जॉब तिरका झाला की साठ अंशाचं सेंटर त्याच्या भोकात नीट बसत नाही, एका कडेवर घासतं आणि भोक लंबगोळ करतं. उपाय जुनाच: दोन्ही टोकांच्या भोकांत छऱ्यातली गोळी बसवायची, आणि सेंटरच्या जागी तसंच भोक मारलेला तुकडा. गोळी कुठल्याही तिरक्याला सारखीच बसते. सायकलवाल्याकडं जवळपास ४ मिलिमीटरच्या गोळ्या मिळाल्या. पैसे घ्यायला तयार नव्हता, "दोन गोळ्याचे काय घ्यायचे" म्हणाला. शेपूट ठेवलं ते या भोकासाठीच. ५ मिलिमीटरच्या टोकात गोळीएवढं भोक मारलं तर भिंतच उरत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

पहिली चाती. शेपटाच्या मुळाशी खाच पाडून तिथून चकच्या दिशेनं कट. ०.२ च्या कटाला किंचाळायला लागली, पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. स्पीड ९०० वरून ४५० वर आणला, कट ०.१ केला, आवाज गेला. दहाव्या फेऱ्याला टेलस्टॉककडून वेगळीच कुईकुई सुरू झाली आणि गज डोळ्यादेखत धनुष्यासारखा वाकला. टूल आत घुसलं. चाती नंबर एक भंगारात.

कारण नंतर कळलं. कटानं गज तापतो आणि लांबीला वाढतो. २४० मिलिमीटर पोलाद चाळीस अंशांनी तापलं तर ०.१ मिलिमीटरच्या थोडं वर वाढतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोन्ही टोकांना गोळ्या घट्ट, मग ती वाढ जाणार कुठं? पोटातूनच बाहेर पडणार. दर दोन फेऱ्यांनी टेलस्टॉकचं हँडल सोडून परत हलकं टेकवायचं, गोळीला ग्रीस द्यायचं.

२ फेब्रुवारी, रविवार

चाती नंबर दोन. टूल नवीन घासलं, टोकाचा गोलवा अगदी कमी ठेवला. कट ०.१, शेवटी ०.०५. मऊ कानस, मग एमरी कागद. कानशीला मूठ होती (नसेल तर फिरत्या जॉबवर लावूच नका, शेपटाचं टोक तळहातात शिरतं). पट्ट्या लावल्या: ४५ ला ४५. वा!

टेपर कांडीत कुठं टेकतो ते बघायला निळा रंग नव्हता. देवघरातून कुंकू घेतलं, खोबरेल तेलात कालवून चातीवर बोटानं लावलं, कांडी पिळून काढली. कांडीच्या आत तोंडापासून तळापर्यंत लाल. सगळीकडं टेकतंय म्हणून खूश झालो. आईनं कुंकवाचा करंडा जागेवर ठेवायला सांगितलं आणि मशीनचं कुंकू मशीनला वेगळं आणायला सांगितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

अक्कांकडं चाती बसवली. त्यांनी कांडी दाबली, पिळली, चाक फिरवलं. दहा फेरे झाले असतील.

"नाचायलीय बघा."

मला काही दिसेना. अक्कांनी चाक थांबवलं, कांडीच्या तोंडाला अंगठा टेकवला आणि माझं बोट धरून तिथं ठेवलं. अगदी बारीक, पण होती हालचाल. कांडी मध्यावर घट्ट आणि तोंडाशी सैल. त्यांनी दुसरी घेतली, तिसरी घेतली, तीच गत. "जुनी अशी न्हवती."

दुसरी गोष्ट मीच विचारली. कांड्या वेगवेगळ्या खोलीवर बसत होत्या, काही पार आत, काही दोन बोटं बाहेर. मला वाटलं तोही माझाच दोष. अक्का हसल्या. भिंतीशी दोन टोपल्या होत्या, एकीत खोल बसणाऱ्या, दुसरीत वर राहणाऱ्या. कांडीचं भोक वापरून झिजतं. १:३० वर भोक ०.१ नं झिजलं की कांडी ३ मिलिमीटर आत जाते, झीज तीसपट होऊन दिसते. एक टोपली संपल्यावर अक्का सूत सोडायचा हात बोटभर सरकवतात आणि दुसरी सुरू करतात.

परत येऊन चाती चकमध्ये. कुंकू पुसलं आणि साध्या मार्कर पेननं लांबीभर तीन रेघा मारल्या. कांडी हलकी पिळून काढली. मधल्या वीस-पंचवीस मिलिमीटरमध्ये रेघा पुसल्या, दोन्ही टोकांना जशाच्या तशा. कुंकवाचा थर फट भरून काढण्याइतका जाड होता, त्यानं माझी चूक झाकली होती.

पण मग पट्ट्यांनी होकार कसा दिला? कारण पट्ट्या दोनच होत्या. दोन ठिकाणी माप बरोबर असेल तर उतार बरोबर, एवढंच कळतं. मध्ये काय चाललंय ते कळत नाही. तिसरी पट्टी लागते. नवीन तीन केल्या, ५.५, ६.५ आणि ७.५. सरळ टेपरला ३० आणि ३० यायला हवेत. आले २८.६ आणि ३१.४. मधली पट्टी बारीक टोकाकडं १.४ अलीकडं अडली. त्याला तीसानं भागलं की मध्ये ०.०५ च्या जवळपास फुगवटा. बारीक गज टूलच्या दाबानं मागं सरतो, टोकांशी आधार असतो, मध्ये नसतो. पिंपाचा आकार. अक्कांच्या अंगठ्याला जे लागलं ते हे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चाती नंबर तीन. ट्रॅव्हलिंग स्टेडी (टूलबरोबर सरकत जॉबला बोटांनी आधार देणारी) लावायचा विचार होता, पण टेपरवर तो चालत नाही. बोटं एका व्यासाला लावावीत तर व्यास पुढं बदलतच जातो. मग सावकाशीचाच मार्ग. शेवटचे कट ०.०३ चे. त्यानंतर क्रॉस स्लाईडला हात न लावता त्याच मापावर बिनकटाचे फेरे. पहिल्या फेऱ्यालाही टूल बारीक भुसा काढतं, कारण मागं सरलेला गज परत येतो. चौथ्या फेऱ्याला फक्त मधल्या भागात काहीतरी निघालं. सहाव्याला काही नाही.

तीन पट्ट्या: २९.६ आणि ३०.४. राहिलेला फुगवटा मार्करच्या रेघा मारून, पुसल्या तेवढ्याच जागी मऊ कानशीचे चार हात देऊन काढला. २९.९ आणि ३०.१. थांबलो. आणखी एक हात मारला असता तर उलटा खड्डा झाला असता, हे मला मामांशिवाय कळलं याचा थोडा अभिमान आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

अक्कांनी अंगठा टेकवला, काही बोलल्या नाहीत, सूत लावलं आणि कांडी भरायला लागल्या. सात-आठ कांड्या झाल्यावर माझ्याकडं बघून, "अजून बसलाव व्हय? चहा ठेवते की." चहाबरोबर शेंगाचटणीची पुडी मिळाली. पलीकडच्या गल्लीतल्या एकीलाही चाती पाहिजे आहे, तिच्या कांड्या वेगळ्या मापाच्या, नमुना पाठवते म्हणाल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

टेलस्टॉक परत शून्यावर. १५० मिलिमीटरचा जाड गज दोन सेंटरमध्ये धरून, दोन्ही टोकांना एकाच मापावर कट मारून व्यास मोजायचे. फरक असेल त्याच्या निम्मं टेलस्टॉक सरकवायचं. पहिल्यांदा फरक ०.४६. मग ०.१४. मग टेलस्टॉक उलटा करताना पान्याला बोट सापडलं, तासभर बंद. संध्याकाळी ०.०२ वर आणून सोडलं. पलीकडच्या गल्लीतून नमुना आला की परत ४ वर जायचंच आहे, कशाला जीव काढा.